मला तेल घालू नका

मी एक जुनी, गंजून गच्च झालेली झडप आहे. मित्रांनो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नको. माझी कीव करू नका. गंज दिसला की माणसांना वाटते, बिचारी पडून पडून सडली. मी सडलेली नाही. मी अडून बसले आहे, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुस्तकात आम्हाला झडप म्हणतात, कारखान्यात सगळे व्हॉल्व्ह म्हणतात. नाव काहीही घ्या, काम एकच: पाणी सोडायचे किंवा अडवायचे. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले आणि माझे अंग तयार झाले. मग पोलादी दांडा आला, दांड्यावर पाच आऱ्यांचे चाक आले. चाक फिरवले की दांडा फिरतो आणि माझ्या पोटातले जाड दार वर उचलले जाते. पूर्ण उघडायला बावीस फेरे लागतात. मी तयार झाल्यावर मला दिवसभर पाण्याच्या दाबाखाली ठेवले आणि खाली एक कोरा कागद पसरला. संध्याकाळी तपासणाऱ्या माणसाने तो कागद उचलून उजेडात धरला.

"एक थेंब नाही," तो म्हणाला. "असं दार घराला पाहिजे."

आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी तेव्हा हुरळून गेले होते. दार घट्ट असले म्हणजे झाले, असे वाटायचे. ते कोणाच्या हातात पडते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते, एवढी अक्कल तेव्हा कुठून असणार?

मी पडले कापड रंगवणाऱ्या कारखान्यात. तुमच्या अंगावरचा सदरा लाल, निळा किंवा काळा होतो, तेव्हा त्याच्यासाठी किती पाणी रंगते ते तुम्हाला कोणी सांगितले नसेल. सगळा रंग कपड्यावर बसतो असे समजू नका, पाण्यात भरपूर उरतो. शिवाय रंग कापडाला धरावा म्हणून त्या पाण्यात पोतीच्या पोती मीठ घालतात. कारखान्याच्या मागच्या बाजूला हे पाणी साफ करण्याची जागा होती. आधी सगळे पाणी एका मोठ्या हौदात जमायचे. मग त्यात चुना आणि तुरटी घालून रंगाचा साका खाली बसवायचा. मग ते एका खोल टाकीत जायचे. त्या टाकीत तळातून हवेचे बुडबुडे सोडलेले असत आणि तपकिरी गाळ सतत घुसळत असे. तो गाळ जिवंत असतो, मित्रांनो. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव पाण्यातली घाण खातात आणि पाणी निवळ करून देतात. त्यानंतरच ते पाणी भिंतीपलीकडच्या ओढ्यात सोडायचे.

पण पहिल्या हौदातून आणखी एक पाइप निघाला होता. तो टाकीकडे जात नव्हता. जमिनीखालून, भिंतीखालून तो थेट ओढ्यात उतरत होता. त्या पाइपावर, एका खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली मला बसवले. माझ्या एका अंगाला रंग आणि दुसऱ्या अंगाला ओढा.

"अडीनडीला असावा," असे मालक म्हणाले होते. मी भोळी, मला ते पटले.

पहिल्या वर्षी मला एकदाच उघडले, तेही हौद पावसाने तुडुंब भरला म्हणून. दुसऱ्या वर्षी पंप बिघडला म्हणून चारदा. पुढे पंप नीट असला तरी उघडू लागले. विशेषतः काळा रंग असला की. काळ्याचे पाणी साफ करायला चुना जास्त लागतो, वेळ जास्त लागतो, त्यापेक्षा बावीस फेरे सोपे. मालकांच्या अडीनडीला मग काही धरबंधच राहिला नाही. खालच्या वस्तीतली माणसे म्हणायची, दुकानात कुठल्या रंगाचं कापड येणार ते आम्हाला आधी कळतं, ओढा सांगतो.

माझे चाक फिरवायचा तो फिटर. सगळे त्याला फिटरमामा म्हणत. हाडकुळा, कमी बोलणारा, पण कामात चोख. दर सोमवारी सकाळी तो लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन यायचा, झाकण उचलायचा, दांड्यावर तेल सोडायचा, चाक फडक्याने पुसायचा. इतर व्हॉल्व्हना तो लोखंडी पान्याने ठोकायचा, मला मात्र बोलायचा. "काय बाई, ठीक ना?" असे विचारायचा. मी त्याच्या हाताखाली लोण्यासारखी फिरायचे, आणि त्याचाच मला अभिमान होता. आता त्या अभिमानाची आठवण आली तरी अंगावर काटा येतो.

एका दुपारी मागच्या फाटकातून मामाची थोरली बहीण आत आली. ती ओढ्याच्या खालच्या अंगाला रोपवाटिका चालवायची. तिच्या हातात रोपांचे दोन ट्रे होते. ते तिने सरळ माझ्या झाकणावर ठेवले.

"ही मिरचीची," ती म्हणाली. "आणि ही झेंडूची. बघ."

मामाने पाहिले. मला खालून फक्त आवाज येत होता, पण रोपांनी मान टाकलेली असणार, हे पुढच्या बोलण्यावरून कळले.

"ताई, मी फिटर आहे. सांगितलेलं काम करतो," तो म्हणाला.

"पाणी मालक सोडतात?"

"हुकूम त्यांचा असतो."

"आणि चाक कोण फिरवतं?"

झाकणावर ट्रे सरकवल्याचा आवाज आला.

"मी भांडायला नाही आले रे," ताई म्हणाली. "विहिरीचं पाणीही आता निळं येतंय. परवा मी त्या पाण्यानं हात धुतले तर रेषा निळ्या झाल्या. एवढंच दाखवायला आले." ती ट्रे तिथेच ठेवून निघाली, आणि फाटकाशी थांबून म्हणाली, "रविवारी जेवायला ये. मी रागावलेय, पण ये."

मला वाटले होते, मामाला काही फरक पडणार नाही. पोटापुढे बहीण काय आणि भाऊ काय. पण त्या दिवशी तो बराच वेळ झाकणाजवळ बसून राहिला, आणि उठताना ते दोन्ही ट्रे सांभाळून उचलून घेऊन गेला.

पुढे वस्तीतल्या लोकांनी ओढ्याचे पाणी बाटल्यांत भरून सरकारी कचेरीत नेले. एका रांगेत सात बाटल्या, सात रंगांच्या. कचेरीतून ताकीद आली आणि मालकांची पाचावर धारण बसली. घाईघाईने एका बाईंना नेमले. त्या टाकीच्या कामातल्या जाणकार होत्या. नाव कोणी विचारले नाही, सगळे त्यांना टाकीवाल्या बाई म्हणू लागले.

या बाई म्हणजे एक नमुना होत्या. टाकीतल्या गाळाला त्या "माझी लेकरं" म्हणत. रोज सकाळी काचेच्या उंच भांड्यात गाळ घेऊन तो किती वेळात खाली बसतो ते पाहत, आणि मग भांड्याला नाक लावून वास घेत. "ओल्या मातीसारखा वास आला की समजायचं, पोरं धडधाकट आहेत," असे सांगत. कारखान्याला सुट्टी असली की रंगाचे पाणी येत नाही, मग गाळ उपाशी मरतो, म्हणून सुट्टीच्या दिवशीही साखरेचे पाणी घेऊन हजर होत. लोक हसायचे. बाई म्हणायच्या, "हसा. तुमच्या घरी पोरं उपाशी ठेवून सुट्टीला जाता का?"

बाईंच्या हाताला यश आले. पाणी निवळले. मालकांना माझी गरज उरली नाही आणि माझे झाकण बंद राहू लागले.

तरी मामा दर सोमवारी येतच राहिला. तीच बुधली, तीच लांब चोच. पहिल्या सोमवारी दांड्यावर धार पडली तेव्हा मी दचकले. ते तेल नव्हते. ते खारट होते. रंगाच्या यंत्रातून काढलेले मिठाचे दाट पाणी होते ते.

मामाने चाकावर हात ठेवला. "माफ कर बाई," तो अगदी हळू म्हणाला. "आज त्यांना घाई नाही. पण कधीतरी पडेलच, आणि तेव्हा मला 'नाही' म्हणता यायचं नाही. माझ्यानं 'नाही' म्हणणं होत नाही. तू म्हण."

मित्रांनो, तुम्हीच सांगा, कुठल्या यंत्राला असे काम कोणी सोपवले आहे? आम्हाला चालू राहा म्हणतात, झिजा म्हणतात, निमूटपणे फिरा म्हणतात. मला पहिल्यांदा कोणीतरी म्हणाले, फिरू नकोस. सुरुवातीला फार आग झाली. मीठ फटीफटीत शिरले, दांडा खडबडीत झाला, पोटातले दार आपल्या खाचांना चिकटू लागले. पण मी मामाला मनातून दोष दिला नाही. सोमवारमागून सोमवार गेले. जाता-येता लोक पाहायचे, फिटरमामा तेल घालतोय. कामाचा माणूस, म्हणायचे. मामाने ताकास तूर लागू दिली नाही. दीड वर्षात मी आतून दगड झाले.

आता रंगमास्तराविषयी सांगायला हवे, कारण पुढचे रामायण त्याने केले. माणूस वाईट नव्हता. कापडावरची छटा तो नुसत्या नजरेने ओळखायचा. मीठ कमी पडले की बोटांनी पाणी चोळून सांगायचा. पण सगळे जग त्याला कापडच वाटायचे. एकदा कचेरीतले अधिकारी पाहणीला येणार असे कळले. कारखाना चालू, गाळाला खायला आहे, म्हणून टाकीवाल्या बाईंनी नेमकी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. टाकीतल्या पाण्यावर हलकी गुलाबी झाक होती. पाणी खरे तर चांगले होते, पण मालकांच्या डोळ्याला ती झाक खुपली. रंगमास्तर म्हणाला, "त्यात काय? कापड पांढरं करायचं ब्लीच आहे की आपल्याकडे. रंग गेला की घाण गेली." आणि त्याने ब्लीचचे आठ कॅन त्या जिवंत टाकीत रिकामे केले.

पाणी काचेसारखे झाले. अधिकारी आले, पाहून खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, भांड्याला नाक लावले आणि तशाच उभ्या राहिल्या.

"माझी लेकरं मारलीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, पाणी तर बघा किती स्वच्छ झालंय," रंगमास्तर म्हणाला.

"मेलेल्याचा चेहराही शांतच असतो."

रंगमास्तराचा चेहरा उतरला. त्याला खरोखर माहीत नव्हते. आयुष्यभर डाग काढलेल्या माणसाला डाग म्हणजेच घाण वाटते.

गाळ मेला म्हणजे टाकी नुसता खड्डा. बाईंनी मालकांना सांगितले, रंगकाम थांबवा, मी दुसरीकडून जिवंत गाळ आणते, पण तो वाढायला बारा दिवस लागतील. नेमके तेव्हा सगळ्या यंत्रांवर काळे कापड चढलेले होते. हौद काळ्या पाण्याने भरत चालला होता.

"बारा दिवस?" मालक म्हणाले. "फिटरला बोलवा. मागचा व्हॉल्व्ह उघडायला सांगा."

झाकण उघडले. ऊन आत आले. मामा खड्ड्यात उतरला आणि त्याने चाकावर दोन्ही हात ठेवले.  त्याने जोर लावला, मनापासून लावला, कारण त्याच्या हातांना खोटा जोर लावता येत नाही. मी हलले नाही.

"फिरत नाही," मामा म्हणाला. आयुष्यात त्याने मालकांना पहिल्यांदा नकार दिला होता, आणि तोही माझ्या तोंडून.

मग मालकांनी गठ्ठे उचलणारे चौघे धिप्पाड गडी आणले. त्यांनी चाकाच्या आऱ्यांत लांब पाइप अडकवला आणि चौघे मिळून त्यावर लोंबकळले. मित्रांनो, मी फुशारकी मारत नाही, माझा जीव कंठाशी आला होता. एका अंगाने काळे पाणी मला ढकलत होते, वरून चौघांचा भार होता. पहिल्या झटक्याला मी टिकले. दुसऱ्यालाही टिकले. तिसऱ्या झटक्याला आत कुठेतरी गंज करकरला आणि माझे दार केसभर उचलले गेले. एक काळा थेंब पलीकडे गेला. रिकाम्या पाइपात तो पडल्याचा आवाज मी ऐकला. मला त्या कोऱ्या कागदाची आठवण झाली. एक थेंब नाही, असे ज्याने उजेडात धरून सांगितले होते त्याला मी काय तोंड दाखवणार होते? मी म्हटले, तुटेन पण आता दुसरा थेंब जाऊ देणार नाही.

चौथ्या झटक्याला माझे चाकच तुटले. पाच आऱ्यांतल्या तीन निखळल्या, चौघे गडी एकमेकांच्या अंगावर पडले, आणि दार पुन्हा आपल्या जागी बसले.

हौद वाहू लागला. पाणी ओढ्याकडे गेले नाही, कारण तिकडे मी होते. ते अंगणात पसरले, रंगखात्यात शिरले आणि मालकांच्या खोलीचा उंबरा ओलांडून आत गेले. मालक बुटांसह घोट्यापर्यंत काळ्या पाण्यात उभे होते. इतकी वर्षे ते पाणी त्यांचेच होते, पण त्यात उभे राहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली. यंत्रे बंद करावीच लागली.

रागाने लाल होऊन मालक माझ्या खड्ड्यापाशी आले. माझ्या दांड्यावर पांढरा थर जमला होता. रंगमास्तराने वाकून तो बोटांनी चोळला. त्याच्या बोटांना मीठ कळणार नाही असे कधी झाले आहे का?

"हे आपलंच मीठ आहे," तो म्हणाला.

सगळे मामाकडे पाहू लागले. मामाला सहज म्हणता आले असते की कारखान्यात मीठ कुठे नाही, हवेतसुद्धा आहे. मला वाटले, म्हण मामा, म्हण आणि सुटून जा.

"मी घातलं," मामा म्हणाला. "दर सोमवारी. दीड वर्ष."

"या कारखान्याचं मीठ खाल्लंस आणि त्यालाच जागला नाहीस?" मालक ओरडले.

मालकांना कोण सांगणार, मीठ मी खाल्ले होते, आणि मी चांगली जागले होते.

"खाली माझी बहीण राहते," मामा म्हणाला. "नुसती बहीण नाही, सगळी वस्ती राहते. चाक मी फिरवत होतो, साहेब. हुकूम तुमचा होता, पण हात माझे होते. आता नाही फिरवणार." आणि पाना माझ्या झाकणावर ठेवून तो निघाला. मालकांनी त्याला कामावरून काढले असे सगळे सांगतात. मी तिथे होते. त्याने आधी पाना ठेवला, मालक नंतर बोलले.

टाकीवाल्या बाईंनी दूरच्या एका टाकीतून जिवंत गाळाची पिंपे आणली. ती गाडीतून उतरवायला सर्वांत आधी कोण पुढे झाला माहीत आहे? रंगमास्तर. कपडे घाण होतील याची त्याने पर्वा केली नाही. बारा दिवस म्हणता म्हणता पंधरा लागले. रोज सकाळी तो बाईंच्या शेजारी उभा राहून भांड्याला नाक लावायचा आणि विचारायचा, "मातीचा आला का?" सोळाव्या दिवशी बाईंनी आधी स्वतः वास घेतला. त्यांनी भांडे त्याच्या हातात दिले. त्याने वास घेतला आणि डोळे पुसले.

माझ्या जागी बसवायला मालकांनी नवी झडप मागवली आहे. ती कोठीत खोक्यात पडून आहे, तिला बसवायला कोणी मिळत नाही. आसपासच्या तीन कारखान्यांतले फिटर एकेक करून येऊन गेले. एकाने खड्ड्यात डोकावून सांगितले, "बोल्ट निघायचे नाहीत." दुसऱ्याने झाकण न उचलताच तेच सांगितले. तिसरा तर फाटकातूनच म्हणाला. उद्या कोणीतरी गॅसकटर घेऊन येईलही, मी काही अमर नाही. येऊ दे. मलाही पाहायचे आहे, मामाला ओळखणारा कोण ती ज्योत माझ्यावर धरतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी विनवणी करतात, आम्हाला पुसा, जपा, तेल घाला. मी तसले काही मागणार नाही. तेल घालायचे असेल तर बाईंच्या टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाला घाला. जपायचे असेल तर त्या तपकिरी गाळाला जपा, सुट्टीच्या दिवशीही जपा. आणि मोठे झाल्यावर कोणी तुमच्या हातात एखादे चाक देऊन नुसते फिरव म्हणाले, तर आधी विचारा की पलीकडे कोण राहते. मला मात्र तेल घालू नका. तुमच्या पाया पडायलाही मी वाकणार नाही, मला वाकता येत नाही.

मामा आता ताईच्या रोपवाटिकेत पाण्याच्या नळ्या जोडतो. सोमवार मात्र त्याने चुकवलेला नाही. दर सोमवारी सकाळी तो ओढ्याच्या काठाने माझ्या पाइपाच्या तोंडापर्यंत येतो, खांद्यापर्यंत हात आत घालतो आणि तळ चाचपतो. मला त्याची बोटे दिसत नाहीत, पण पाइपातून त्यांची चाहूल लागते. मग तो हात बाहेर काढून काठावर उभ्या असलेल्या बहिणीला दाखवतो.

"कोरडा," तो म्हणतो.